अभ्यासिकेतले दिवे आणि न हलणारी माणसं

हे प्रकरण विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावातल्या सार्वजनिक अभ्यासिकेचं आहे. गावाचं, संस्थेचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. माणूस नसेल तिथले दिवे-पंखे आपोआप बंद करणारे पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड, म्हणजे शरीराच्या उबेची हालचाल टिपणारे) सेन्सर बसवा, हा सल्ला माझाच होता. वायरमन शिडीवर चढला तेव्हा शिडी मीच धरली होती आणि पंधरापैकी दहा सेन्सर उतरवायची वेळ आली तेव्हाही मीच धरली. सल्ल्याचे पैसे घेतले नव्हते, म्हणून कुणी भांडलं नाही एवढंच.

पार्श्वभूमी

दुमजली इमारत, खाली संस्थेचं वाचनालय, वर अभ्यासिका. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा अशी तयारी करणारी पन्नास-साठ मुलंमुली. सकाळी सहा ते रात्री अकरा. मोठ्या हॉलमध्ये प्लायवूडच्या आडोशांनी पाडलेल्या साठ जागा, मुलींसाठी सोळा जागांची वेगळी खोली, एक चर्चा कक्ष, जिना, पॅसेज आणि दोन स्वच्छतागृहं. दारापाशी टेबल टाकून बसणारे काका. काकांपुढे एक रजिस्टर, त्यात आल्याची आणि गेल्याची वेळ लिहून सही करायची. या रजिस्टराकडे पुन्हा यावं लागणार आहे.

संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं ते ऑक्टोबरचं वीजबिल हातात घेऊन. १३९० युनिट. सगळे आकार धरून युनिटमागे साधारण दहा रुपये पडत होते. मुलांकडून महिन्याला घेतली जाणारी फी नाममात्र, ती वाढवायची संस्थेची तयारी नव्हती. "सर, दिवे जळतात आणि दिव्यांखाली कुणी नसतं. काहीतरी करा," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी वर जाऊन लोड मोजला. हॉलमध्ये २० वॅटच्या २४ एलईडी ट्यूब आणि ७५ वॅटचे १२ पंखे, म्हणजे १३८० वॅट. सतरा तास, तीस दिवस धरले की ७०४ युनिट. मुलींच्या खोलीचे २१४. चर्चा कक्षाचे १५६. जिना आणि पॅसेजमधल्या सहा ट्यूब चोवीस तास चालू, त्यांचे ८६. स्वच्छतागृहांचे दिवे आणि एक्झॉस्ट पंखे मिळून ६१. बाकी पाण्याची मोटर, वॉटर कूलर, ऑफिसचा कॉम्प्युटर.

कागदावर चित्र सरळ दिसत होतं. अर्धी वीज एकट्या हॉलमध्ये जाते, तेव्हा हॉलमध्ये वाचवू. इथेच पहिली चूक झाली. पण ती चूक आहे हे कळायला फेब्रुवारी उजाडावा लागला.

सेन्सर नेमकं काय बघतो

पुढचं सगळं कळायला हवं असेल तर हे थोडं सांगावं लागेल. पीआयआर सेन्सरला माणूस दिसत नाही. आपलं शरीर सतत अवरक्त किरण सोडत असतं आणि त्यांचा जोर दहा मायक्रॉनच्या आसपास असतो. सेन्सरच्या पोटात हे किरण पडले की विद्युतभार बदलणाऱ्या स्फटिकाचे दोन तुकडे असतात, आणि ते एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. दोन्हींवर सारखीच उष्णता पडली तर बेरीज शून्य. ऊब एका तुकड्याच्या नजरेतून दुसऱ्याच्या नजरेत सरकली की मात्र आधी वर आणि मग खाली असा झटका येतो, आणि दिवा चालू-बंद करणारा आतला स्विच, म्हणजे रिले, टक् करून ओढला जातो. बाहेरची दुधी रंगाची घुमटी शोभेची नाही. तिच्यावर लहान लहान भिंगं कोरलेली असतात आणि ती खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडतात. एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलात तर सेन्सरला कळतं. एकाच पट्ट्यात गप्प बसलात तर त्याच्या लेखी तुम्ही खुर्ची आहात.

आणखी दोन गोष्टी. काच आपल्याला पारदर्शक असली तरी या किरणांना ती भिंतीसारखी आहे, आणि प्लायवूड तर आहेच. शिवाय सेन्सर तापमान मोजत नाही, मागची पार्श्वभूमी आणि माणूस यांच्यातला फरक मोजतो. हा दुसरा मुद्दा मला पुस्तकातून ठाऊक होता. मे महिन्यात तो जिन्यावर भेटला.

पहिला निर्णय

पर्याय तीन होते. एक, काहीच न बसवता काकांनी फिरून बटणं बंद करायची. काका साठीच्या पुढचे, गुडघे दुखतात, आणि बोर्डवर कुठलं बटण कुठल्या ट्यूबचं हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. दोन, ७५ वॅटचे पंखे काढून ३० वॅटच्या आसपास चालणारे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचे) पंखे लावायचे. बारा पंख्यांचे छत्तीस हजार सचिवांना जड वाटले. तीन, सेन्सर. एकाला साडेसहाशे रुपये, पंधरा सेन्सर, मजुरी आणि वायर-पट्टी धरून १८,६५० रुपये.

मी तिसऱ्याच्या बाजूने बोललो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०१२ साली बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेऊन काढलेला आकडा माझ्या डोक्यात होता: वावर ओळखणाऱ्या नियंत्रणाने प्रकाशयोजनेची सरासरी २४ टक्के वीज वाचते. त्यात पंखे मिळवून मी तीस टक्के धरले. हॉलच्या ७०४ युनिटांचे तीस टक्के म्हणजे २११. सचिव खूश झाले.

त्या सरासरीत येणाऱ्या खोल्या कुठल्या, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. एकट्याची केबिन, बैठकीची खोली, गोदाम, स्वच्छतागृह, म्हणजे जिथे माणूस येतो-जातो अशा जागांवर ही बचत उभी असते. मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत मान खाली घालून बसतात तो हॉल त्यात बसत नाही. आणि हे तपासायला कुठलं यंत्रही नको होतं. काकांचं रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. नंतर एका महिन्याची पानं उलटून पाहिली तेव्हा कळलं की उघड्या वेळेत हॉल पूर्ण रिकामा असलेले तास सगळे मिळून बोटांवर मोजण्याइतके होते. अर्धा रिकामा मात्र रोज असायचा, दुपारी दोन ते चार आणि रात्री साडेनऊनंतर. म्हणजे वाचवायला जागा होती, पण ती "कुणी नाही" या प्रकारची नव्हती, "कमी आहेत" या प्रकारची होती. त्या दोन्हींची औषधं वेगळी.

बसवणं आणि पहिला आठवडा

जानेवारीअखेर काम झालं. हॉलच्या छताला आठ, मुलींच्या खोलीत दोन, चर्चा कक्षात एक, जिन्यात दोन, स्वच्छतागृहांत एकेक. फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारी वायर, अशी साधी तीन वायरींची जोडणी. प्रत्येकावर दोन-तीन खुंट्या: वेळ, उजेड, संवेदनशीलता. हॉलमध्ये मी वेळेची खुंटी पाच मिनिटांवर ठेवली. सेन्सरच्या खोक्यावर सहा मीटरचा घेर छापलेला होता, त्या हिशोबाने आठ सेन्सरांत हॉल आरामात बसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काकांचा फोन. "सर, तुमी या बरं जरा. पोरं हात हालवून राह्यली."

गेलो तर खरंच. शेवटच्या रांगेतला एक मुलगा नकाशा पुढे घेऊन बसलेला. डोक्यावरच्या तीन ट्यूब गेल्या, पंखा मंद होत थांबला. त्याने मान वर न करता डावा हात हवेत दोनदा फिरवला, जसं जेवताना माशी हाकलतात. दिवे आले. वाचन पुढे चालू. मग दोन रांगा सोडून दुसरा हात. पाच मिनिटांनी तिसरा. अंधारापेक्षा पंखा थांबल्यावर पडणारी शांतता जास्त जाणवते, आख्खा हॉल एकदम वर बघतो. एका मुलीने मला विचारलं, "सर, वाचू की कवायत करू?" उत्तर नव्हतं.

खोक्यावरचा सहा मीटरचा आकडा चालणाऱ्या माणसासाठी होता. पान उलटणारा हात, पेन धरलेला पंजा एवढ्या बारीक हालचालीसाठी अंतर निम्म्याहूनही खाली येतं. चांगल्या कंपन्या आपल्या माहितीपत्रकात मोठी हालचाल आणि बारीक हालचाल यांचे घेर वेगवेगळे देतात, अमेरिकेतल्या विद्युत उपकरणं बनवणाऱ्यांच्या नेमा संस्थेचं त्यासाठी मानकही आहे. साडेसहाशेच्या सेन्सरच्या खोक्यावर एकच आकडा असतो आणि तो मोठा असतो. त्यात भर प्लायवूडच्या आडोशांची. सेन्सरला दिसत होती ती फक्त डोकी, आणि डोकं ही अभ्यास करणाऱ्या माणसाची सर्वांत कमी हलणारी वस्तू.

पोरांनी त्यांच्या परीने उपाय शोधला. एका सेन्सरखाली दोऱ्याने जुन्या कॅलेंडरची पानं टांगली, पंख्याच्या वाऱ्याने हलत राहावीत म्हणून. काही उपयोग झाला नाही. कागद खोलीच्याच तापमानाचा, तो कितीही फडफडला तरी सेन्सरला दिसत नाही. चारच्या सुमारास चहावाला किटली घेऊन रांगेतून गेला की मात्र त्याच्या वाटेवरचे सगळे दिवे हजेरी लावल्यासारखे लागत जायचे.

दुसरा निर्णय, आणि तो का फसला

पहिला विचार वेळ वाढवायचा. पाचऐवजी वीस मिनिटं केली तर वीस मिनिटांत माणूस एकदा तरी मोठा हलतोच. खुंटी शेवटपर्यंत फिरवली. तेव्हा खोक्याच्या मागचं बारीक अक्षर वाचलं: जास्तीत जास्त सात मिनिटं. हे खरेदीआधी वाचायचं असतं.

मग वायरमनने सुचवलं की हॉलमधल्या आठही सेन्सरांच्या बाहेर जाणाऱ्या वायरी एकत्र करू. कुठलाही एक सेन्सर जागा झाला की सगळा हॉल चालू. सूचना चांगली होती, अशी जोडणी सर्रास करतात. चाळीस माणसं बसलेली असताना सात मिनिटांत कुणी ना कुणी उठतंच, पाणी प्यायला, फोन घ्यायला. दिवसाची तक्रार त्या दिवसापासून थांबली. बचतही थांबली, कारण आता रात्री दहा वाजता एक जण उठला की चोवीसही ट्यूब जळत होत्या. तरी मी समाधानी होतो. निदान हात तरी हलत नव्हते.

वायरी एकत्र करण्याचं हे तंत्र मुलींच्या खोलीतही लावलं होतं, आणि तिथे ते फसलं. फेब्रुवारीतली सकाळ, सहा वाजून गेलेले, बाहेर अजून अंधार. एक मुलगी एकटीच येऊन बसली होती. भिंतीकडे तोंड करून, शाल गुंडाळून. सात मिनिटांनी खोली काळोखी झाली. ती घाबरली. हात हलवला तो शालीच्या आत, आणि शालीची बाहेरची बाजू थंड. दिवे आले नाहीत. ती वह्या तिथेच टाकून जिन्यात येऊन बसली आणि दुसरी मुलगी येईपर्यंत आत गेली नाही. काकांना तिने काही सांगितलं नाही. सांगितलं ते तिच्या आईने, सचिवांना फोन करून.

सचिव माझ्याशी शांतपणे बोलले, आणि तेच जास्त लागलं. "सर, महिन्याचे चार-पाचशे रुपये वाचतील त्या खोलीत. पण पोरीने सकाळी यायचं बंद केलं तर अभ्यासिका कशाला काढली आपण?" त्याच दिवशी मुलींच्या खोलीतले दोन्ही सेन्सर उतरवले. त्या प्रसंगापर्यंत मी हा प्रश्न वॅट आणि मिनिटांत मोजत होतो. दिवा चुकून चालू राहिला तर काही पैसे जातात. चुकून बंद झाला तर काय जातं, हे खोलीगणिक बदलतं, आणि हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं. जिन्यात पाय चुकतो, एकट्या मुलीला भीती वाटते, चर्चा कक्षात फक्त हशा होतो.

तिसरा निर्णय

मार्चमध्ये हॉलबद्दल पुन्हा बसलो. सचिव, काका, मुलांपैकी दोघं, वायरमन आणि मी. आधीच्या बैठकीत मुलं नव्हती. ही एक चूक सुरुवातीलाच टाळता आली असती, तीही फुकटात.

रडार पद्धतीच्या सेन्सरची चर्चा झाली. हे ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतात आणि परत येणाऱ्या लहरीतला बदल बघतात. प्लायवूडमधूनही त्यांना दिसतं. एक आणून लावला. तो रात्रभर बंदच झाला नाही. फिरणारा पंखा त्याच्या दृष्टीने कायम हलणारा माणूस होता, आणि पंखा बंद केला तर भिंतीपलीकडे पॅसेजमधून जाणारा माणूसही त्याला आतलाच वाटत होता. चोवीस गिगाहर्ट्झचे नवे छोटे सेन्सर श्वासाची हालचालही टिपतात आणि किती अंतरापर्यंत बघायचं हे त्यांना ठरवून देता येतं. मी घरी एक जोडून पाहिला होता, छान चालतो. पण तो चालवायला प्रोग्राम टाकलेलं सर्किट हवं. मी गाव सोडलं आणि ते बिघडलं तर काकांनी कुणाला बोलवायचं? गावातल्या वायरमनला जे दुरुस्त करता येत नाही ते सार्वजनिक हॉलमध्ये लावू नये, असं माझं मत आहे. तो पर्याय सोडला.

उत्तर मुलांपैकी एकाने दिलं, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्स अजिबात नव्हतं. "सर, आमच्या रांगेचं बटण आमच्याजवळ द्या ना." बोर्ड काकांच्या टेबलामागे होता आणि वायरिंग असं की एक बटण दाबलं तर एक ट्यूब खिडकीपाशी आणि एक दारापाशी लागायची. वायरमनने दोन दिवस खपून हॉलचे चार भाग पाडले. प्रत्येक भागाच्या टोकाला स्वतःचा बोर्ड, त्यावर ऑइलपेंटने अ, ब, क, ड. नियम एकच: आल्यावर लावायचं, भागातला शेवटचा माणूस उठताना बंद करायचं. रात्री साडेनऊनंतर सगळ्यांनी अ आणि ब मध्ये सरकायचं. हॉलचे आठही सेन्सर उतरले. काही दिवस क भागाचे दिवे उगाच जळत राहायचे. मग कुणीतरी बोर्डखाली वहीचं पान चिकटवलं, "उठलास ना? मग दाब." अजून ते तिथे आहे.

जिथे सेन्सर टिकले

चर्चा कक्षात सेन्सर शोभून दिसला. तिथे माणसं बोलतात, हातवारे करतात, फळ्यापाशी उठतात आणि मग सगळी एकदम निघून जातात, दिवे-पंखे तसेच सोडून. फक्त एक बदल केला. आपोआप चालू होणं बंद केलं. बटण हाताने दाबायचं, बंद करण्याचं काम मात्र सेन्सरचं. नुसतं डोकावून जाणाऱ्यासाठी तीन पंखे फिरायची गरज नसते. महिन्याचे १५६ युनिट ५८ वर आले.

चार महिन्यांनी त्याच सेन्सरचा रिले चिकटला. एलईडी ट्यूब लावताना पहिल्या क्षणाला करंटचा मोठा धक्का येतो, स्वस्त रिलेचे संपर्क त्याने हळूहळू वितळून एकमेकांना चिकटतात. दिवे कायमचे चालू. कुणाचीच तक्रार आली नाही, कारण दिवे लागलेले असताना कोण तक्रार करतं? पोटमीटर (त्या भागापुरता वेगळा मीटर) वाचताना कळलं. बदली सेन्सर बसवताना मध्ये एक कॉन्टॅक्टर, म्हणजे करंटचा धक्का झेलणारा दणकट स्विच, घातला. तेव्हापासून काका महिन्यातून एकदा सेन्सरच्या घुमटीवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवतात आणि दिवे जातात का ते बघतात. कोळ्याची जाळी आणि धूळ पुसणंही त्यातच होतं, ओल्या फडक्याने, थिनरने नाही.

स्वच्छतागृहांचा धडा छोटा आहे. बाहेरच्या भागात छताला लावलेल्या सेन्सरला दाराआडचा माणूस दिसत नाही. जास्त लिहीत नाही. हॉलमधून निघालेले दोन सेन्सर आतल्या बाजूला लावले, वेळ सात मिनिटं, आणि पाच वॅटचा एक बल्ब सेन्सरशिवाय कायम चालू ठेवला. ६१ युनिटांचे १९ झाले.

जिना आणि मे महिना

जिन्यातले दोन सेन्सर एप्रिलपर्यंत उत्तम चालले. उजेडाची खुंटी चंद्राच्या चित्राकडे फिरवलेली, म्हणजे दिवसा दिवे लागत नाहीत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तक्रार आली: संध्याकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान जिन्यात दिवा लागतच नाही, अगदी सेन्सरखाली गेल्यावर लागतो. रात्री अकराला मुलं उतरतात तेव्हा बरा असतो, पहाटे तर एकदम ठणठणीत.

सेन्सर खराब असता तर वेळ पाहून खराब झाला नसता. ऑफिसच्या कपाटात कोविडच्या काळातली तापमान बघायची बंदूक पडून होती, ती काढली. तिला कपाळाबरोबर वस्तूचं तापमान बघायचीही सोय असते. रात्री आठला जिन्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर धरली: ३६.२. समोरून चढून येणाऱ्या मुलाच्या शर्टवर: ३५ च्या खाली. दिवसभर उन्हात तापलेली भिंत आणि घामेजलेला शर्ट, दोघांत जेमतेम अंश-दीड अंशाचा फरक. सेन्सरला माणूस दिसणार कुठून? त्याच्या डोळ्यांपुढे भिंतीवरून भिंत चालत होती. भिंत माणसापेक्षा बरीच गरम असते तेव्हा माणूस थंड डाग म्हणून दिसतो, पहाटे भिंत गार असते तेव्हा गरम डाग म्हणून दिसतो. मधल्या त्या दीड तासात तो विरघळून जातो. आणि नेमकी तीच अंधार पडण्याची वेळ. थंड प्रदेशातल्या माहितीपत्रकांत या गोष्टीला एखादी ओळ मिळते. अकोला, अमरावती, नागपूर, चंद्रपूरकडे ती पहिल्या पानावर हवी.

जागेचीही माझी चूक होती. सेन्सर वळणाच्या छताखाली असा लावला होता की चढणारा माणूस सरळ त्याच्या रोखाने यायचा. रोखाने येणारा माणूस बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो, आडवा जाणारा पट्टे ओलांडतो. सेन्सर काढून पूर्वेकडच्या, सावलीतल्या भिंतीच्या बाजूला अशा उंचीवर लावला की माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल, आणि दोन हातांच्या अंतरावरून जाईल. संवेदनशीलता वाढवली. तरी मेमध्ये पूर्ण भरवसा नको म्हणून प्रत्येक वळणावर पाच वॅटचा एक दिवा रात्रभर चालू ठेवला. हे दिवे धरूनही जिना-पॅसेजचे ८६ युनिट २२ वर आले. संवेदनशीलता वाढवल्याचा त्रास जूनमध्ये झाला, हॉलच्या कुलरचा गार झोत पॅसेजच्या सेन्सरवर आदळून दिवे उगाच लागायचे. कुलरचं तोंड अर्धा फूट वळवलं, प्रश्न मिटला.

निष्पत्ती

पुढच्या ऑक्टोबरचं बिल १०९० युनिटांचं आलं, आणि मुलं आधीच्या वर्षापेक्षा सहा जास्त होती. पोटमीटरवरून हिशोब असा: टिकलेल्या सेन्सरांमुळे महिन्याला सुमारे २०४ युनिट, हॉलच्या अ-ब-क-ड बटणांमुळे साधारण शंभर. सेन्सर स्वतःही अर्धा-अर्धा वॅट खातात, ते यात आलं.

पैशांत बघितलं तर १८,६५० रुपयांचा खर्च सेन्सरांच्या बचतीतून नऊ महिन्यांत निघतो. वाईट नाही. पण ज्या पाच जागी सेन्सर लावायला हवे होते तेवढेच आधी लावले असते तर सहा हजारांत काम झालं असतं आणि तीन महिन्यांत पैसे निघाले असते. काढलेल्या दहांपैकी दोन स्वच्छतागृहांत गेले, एक चर्चा कक्षात बदली म्हणून. सात कपाटात आहेत, त्या तापमानाच्या बंदुकीशेजारी.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी रजिस्टर वाचलं असतं. एक आठवडा, तासागणिक किती माणसं, एवढं वहीत मांडलं असतं तरी हॉलचं उत्तर सेन्सर नाही हे दिसलं असतं. एकाच सेन्सरची चाचणी हॉलच्या सगळ्यात शांत कोपऱ्यात, सगळ्यात शांत मुलाच्या डोक्यावर घेतली असती. मी ती पॅसेजमध्ये घेतली होती, आणि तिथे अर्थातच ती पास झाली. पंख्यांना सेन्सर जोडलाच नसता. दिव्याची चूक माणूस सोसतो, ऑक्टोबरच्या उकाड्यात पंख्याची सोसत नाही.

आणि पंख्यांचा हिशोब. बारा पंखे, प्रत्येकी ४५ वॅट कमी, सतरा तास, तीस दिवस: २७५ युनिट. सेन्सरांच्या सगळ्या बचतीपेक्षा जास्त, तेही कुणी हलो की न हलो. पंखे नऊ महिने चालतात असं धरलं तरी दीड वर्षात छत्तीस हजार वसूल होतात. पहिल्या दिवशी हा आकडा मी काढला होता, सचिवांनी नाक मुरडल्यावर कागद घडी करून खिशात ठेवला. सेन्सरचं काम अंगात आलं होतं, हे कबूल करायला हवं.

त्या दिवाळीत सहा पंखे बदलले, अ आणि ब भागातले. उरलेले सहा यंदा बदलायचे आहेत. क आणि ड मध्ये बसणाऱ्यांनी काकांकडे अर्ज दिलाय, जुन्या पंख्यांचा आवाज होतो म्हणून.